डॉमिनियनमध्ये प्रॉव्हिन्स कधी घ्यायचा: नव्या भिडूंसाठी

डॉमिनियन हा पत्त्यांचा खेळ शिकणारे बहुतेक भिडू दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण हातात ८ नाणी आली रे आली की प्रॉव्हिन्स हा गुणांचा महागडा पत्ता उचलतात आणि पुढच्या कितीतरी पाळ्या पाच-सहा नाण्यांवर घुटमळत राहतात. काही जण डेक सजवण्यात रमतात आणि तो मनासारखा होईपर्यंत समोरच्याने निम्मे प्रॉव्हिन्स नेलेले असतात. या दोन टोकांच्या मधला रस्ता दाखवावा म्हणून हे लिहितो आहे. नियमपुस्तिका वाचून एखाददुसरा डाव खेळलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे. उदाहरणं दोघांच्या डावाची आहेत, कारण शिकण्यासाठी तोच डाव सर्वांत चांगला.

थोडी ओळख करून देतो. डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांनी रचलेला हा खेळ रिओ ग्रांदे गेम्सने २००८ मध्ये काढला आणि २००९ मध्ये त्याला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. रमीत किंवा मेंढीकोटात सगळे एकाच कॅटमधून वाटलेली पानं खेळतात. इथे प्रत्येकाचा डेक स्वतःचा असतो आणि तो डाव चालू असतानाच एकेक पत्ता विकत घेऊन वाढवायचा असतो. सुरुवात सगळ्यांची सारखी, ७ कॉपर आणि ३ इस्टेट. दर पाळीला हातात ५ पत्ते, त्यात एक अ‍ॅक्शन (खास काम करणारा एक पत्ता खेळायची मुभा) आणि एक खरेदी. पाळी संपली की खेळलेले, न खेळलेले आणि नुकतेच घेतलेले असे सगळे पत्ते डिस्कार्डमध्ये, म्हणजे टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात जातात आणि नवे पाच हातात येतात. ओढायला पत्ते पुरेनात की डिस्कार्ड पिसून त्याचाच नवा ढीग करायचा.

गुण देणारे मूळ पत्ते तीन. इस्टेट २ नाण्यांना मिळते आणि १ गुण देते. डचीला ५ नाणी पडतात, गुण ३. प्रॉव्हिन्सला ८ नाणी आणि गुण ६. या पत्त्यांचा रंग हिरवा, म्हणून खेळणारे त्यांना नुसतं ‘हिरवे’ म्हणतात. डाव संपल्यावर हेच पत्ते मोजले जातात, पण डाव चालू असताना ते हातात आले तर ना नाणं देतात, ना काही कामाला येतात. पाचातली एक जागा अडवून बसतात, एवढंच. म्हणजे जिंकण्यासाठी जो पत्ता घ्यायचा, तोच तुमचा डेक मंद करतो. या खेळात विचार करण्यासारखं जे आहे ते बहुतेक इथून सुरू होतं.

पायरी १: मांडणी करताना आकडे डोक्यात ठेवा

दोघांच्या डावात प्रॉव्हिन्सच्या ढिगात ८ पत्ते असतात, डचीच्या ८ आणि इस्टेटच्या ८. तिघं किंवा चौघं असतील तर प्रत्येकी १२. प्रॉव्हिन्सचा ढीग संपला किंवा विकत घ्यायच्या पत्त्यांचे कुठलेही तीन ढीग संपले, की ती पाळी पूर्ण होऊन डाव आटोपतो. दोघांत ८ प्रॉव्हिन्स म्हणजे ४८ गुण, साधारण चार-चार वाटले जाणारे. पाचवा ज्याच्याकडे गेला त्याचं पारडं जड. ५-३ अशी वाटणी झाली तर एकट्या प्रॉव्हिन्सवरच १२ गुणांचा फरक पडतो आणि तो भरून काढायला समोरच्याला तुमच्यापेक्षा चार डची जास्त घ्याव्या लागतात.

पायरी २: एका पत्त्यामागे १.६ नाणी

पाच पत्त्यांत ८ नाणी हवीत, म्हणजे एका पत्त्यामागे सरासरी १.६. हा आकडा पाठ करा. सुरुवातीच्या डेकमध्ये १० पत्ते आणि ७ नाणी, म्हणून सरासरी ०.७ आणि एका हातात साधारण साडेतीन नाणी. १.६ अजून लांब आहे.

कॉपर १ नाणं देतं, सिल्व्हर २ आणि गोल्ड ३. सिल्व्हरची किंमत ३, गोल्डची ६. आता डेक कसा वाढतो ते पाहा. दोन सिल्व्हर घेतल्यावर १२ पत्त्यांत ११ नाणी होतात, म्हणजे हातात सरासरी ४.६. चार सिल्व्हर आणि दोन गोल्ड असतील तर १६ पत्त्यांत २१, हातात सरासरी साडेसहाच्या जरा वर. पाच सिल्व्हर आणि पाच गोल्ड झाले की २० पत्त्यांत ३२ नाणी, आणि हाताची सरासरी बरोबर ८.

यातून नव्या भिडूने एक गोष्ट ताबडतोब उचलावी. कॉपर फुकट मिळतं म्हणून घेऊ नका. १.६ गाठायचं असेल तर १ नाण्याचा पत्ता डेक खाली ओढतो, वर नेत नाही. तसंच २ नाण्यांवर ‘काहीतरी घेतलं पाहिजे’ म्हणून इस्टेट घेणं सुरुवातीला नुकसानीचं आहे. काही न घेता पाळी सोडली तरी चालते, आणि पुष्कळदा तेच बरोबर असतं.

पायरी ३: पहिल्या दोन पाळ्या

पहिल्या दोन हातांत मिळून तुमची सातही कॉपर येतात. म्हणून ३ आणि ४ नाणी (किंवा उलट) मिळतात, नाहीतर ५ आणि २. दुसरा प्रकार सरासरी सहा डावांत एकदा घडतो. ३-४ आले तर एक सिल्व्हर आणि दुसरं सिल्व्हर किंवा ४ नाण्यांचा एखादा चांगला अ‍ॅक्शन पत्ता. ५-२ आले तर ५ चा चांगला पत्ता आधी बघा, २ नाण्यांचं काय करायचं ते नंतर.

२०१६ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या डावासाठी दहा प्रकारच्या पत्त्यांचा संच सुचवला आहे: सेलर, मार्केट, मर्चंट, मिलिशिया, माइन, मोट, रिमॉडेल, स्मिदी, व्हिलेज आणि वर्कशॉप. पुढे जे सांगणार आहे ते याच संचावर, म्हणजे तुम्हाला आजच करून बघता येईल.

पायरी ४: आधी गोल्ड, मग प्रॉव्हिन्स

समजा सातवी-आठवी पाळी आहे. तुमच्याकडे मूळचे १० पत्ते, दोन सिल्व्हर, दोन गोल्ड. हातात गोल्ड, गोल्ड, सिल्व्हर, कॉपर, इस्टेट आले. ९ नाणी! प्रॉव्हिन्स समोर दिसतो आहे. घ्यायचा का?

हिशोब करून बघू. डेकमध्ये १४ पत्ते, १७ नाणी, हातात सरासरी सहाच्या आसपास. तिसरं गोल्ड घेतलंत तर १५ पत्त्यांत २० नाणी, सरासरी ६.७. प्रॉव्हिन्स घेतलात तर १५ पत्त्यांत १७ नाणी, सरासरी ५.७. एका खरेदीने प्रत्येक पुढच्या हातात अख्ख्या नाण्याचा फरक पडला, आणि डाव अजून निम्मासुद्धा झालेला नाही. इथे गोल्ड घ्या.

मग कधीपासून? केवळ नाण्यांवर चालणाऱ्या डेकसाठी अनुभवी खेळाडू एक ठोकताळा वापरतात: डेकमधल्या सगळ्या नाण्यांची बेरीज १८ च्या पुढे गेली की ८ नाण्यांना प्रॉव्हिन्स घ्यायला लागा. सात कॉपर, चार सिल्व्हर आणि एक गोल्ड म्हणजे बरोबर १८. त्याच्यावर आणखी एक पत्ता आला की तुम्ही तयार आहात. सरासरी ८ होण्याची वाट पाहायची नाही. पत्ते पिसून येतात, त्यामुळे सरासरी साडेसहा असतानासुद्धा अधूनमधून ८ चे हात येतात, आणि ते प्रत्येक वेळी वापरले पाहिजेत.

ही सीमा ओलांडल्यावर मागे वळून पाहू नका. ८ नाणी आली की प्रॉव्हिन्स, ६-७ आली की गोल्ड, ३ ते ५ आली की सिल्व्हर. अ‍ॅक्शन पत्ते न घेता फक्त एवढंच केलं तरी चार प्रॉव्हिन्स साधारण सतराव्या पाळीपर्यंत होतात. इंग्रजीत खेळणारे या पद्धतीला ‘बिग मनी’ म्हणतात. तुमचा कुठलाही हुशार डाव याहून हळू चालत असेल तर तो हुशार नाही. मी नव्या माणसाला पहिले काही डाव असेच खेळायला सांगतो, म्हणजे मोजमापाला एक पट्टी हाताशी राहते.

पायरी ५: आठापर्यंत लवकर नेणारे पत्ते

स्मिदी (४ नाणी, तीन पत्ते ओढा) नव्या भिडूचा सर्वांत चांगला मित्र. हातात स्मिदी असेल तर उरलेले चार आणि ओढलेले तीन मिळून सात पत्ते नाण्यांसाठी मिळतात. सात पत्त्यांत ८ नाणी म्हणजे एका पत्त्यामागे फक्त १.१४. कुठे १.६ आणि कुठे १.१४! बिग मनीत एक स्मिदी मिसळली की चार प्रॉव्हिन्स चौदाव्या पाळीच्या आसपास होऊ लागतात. फक्त एक काळजी घ्या. पाळीला अ‍ॅक्शन एकच असते, म्हणून दोन स्मिदी एकाच हातात आल्या की दुसरी वाया जाते. पहिली सुरुवातीलाच घ्या, दुसरी डेक पंधरा-सोळा पत्त्यांचा झाल्यावर. तिसरीचा मोह टाळा, निदान जास्तीच्या अ‍ॅक्शन देणारं व्हिलेज घेत नसाल तर.

माइन (५ नाणी) हातातलं सिल्व्हर ट्रॅश करून (डावातून कायमचं काढून टाकून) त्याच क्षणी हातात गोल्ड देते. डेक न वाढता नाणी वाढतात. थोडी संथ आहे, पण सुरुवातीला मिळाली तर उपयोगी.

मार्केट (५ नाणी) एक पत्ता, एक अ‍ॅक्शन, एक जास्तीची खरेदी आणि एक नाणं देतं. त्यातली जास्तीची खरेदी शेवटाला फार मोलाची ठरते. १० नाण्यांना प्रॉव्हिन्स आणि इस्टेट, १३ ला प्रॉव्हिन्स आणि डची, १६ ला दोन प्रॉव्हिन्स. मार्केट नसेल तर आठाच्या वरची नाणी हवेत जातात.

रिमॉडेलकडे (४ नाणी) नवे लोक दुर्लक्ष करतात आणि ते मला फार खटकतं. हातातला एक पत्ता ट्रॅश करा आणि त्याच्यापेक्षा २ नाण्यांनी महाग असलेल्या किमतीपर्यंतचा पत्ता घ्या, एवढंच तो सांगतो. सुरुवातीला इस्टेट ट्रॅश करून ४ चा पत्ता घेता येतो, हे ठीकच. पण गोल्डची किंमत ६ आणि प्रॉव्हिन्सची ८! शेवटच्या टप्प्यात हातात रिमॉडेल, तीन गोल्ड आणि एक सिल्व्हर आले असं समजा. एका गोल्डचा प्रॉव्हिन्स करा, उरलेल्या ३, ३ आणि २ नाण्यांचा दुसरा प्रॉव्हिन्स विकत घ्या. एकाच पाळीत १२ गुण. डाव संपायला आला की गोल्ड पुन्हा हातात येण्याची शक्यता उरत नाही, तेव्हा ते देऊन टाकण्यात नुकसान काहीच नाही. रिमॉडेलने प्रॉव्हिन्स ट्रॅश करून प्रॉव्हिन्सच घेता येतो, हेही लक्षात ठेवा. गुण तेवढेच राहतात, पण ढीग एकाने कमी होतो. तुम्ही पुढे असाल आणि डाव लवकर मिटवायचा असेल तर ही खेळी करा.

मिलिशिया (४ नाणी) तुम्हाला २ नाणी देते आणि समोरच्याला तीन पत्त्यांवर आणते. तीन पत्त्यांत ८ नाणी करायला दोन गोल्ड आणि एक सिल्व्हर तरी हवंच. म्हणून समोरून मिलिशिया येत असेल तर सिल्व्हरपेक्षा गोल्डवर भर द्या, किंवा असा हल्ला अडवणारा एखादा मोट जवळ ठेवा.

सेलर (२ नाणी) हवे तेवढे पत्ते टाकून तेवढेच नवे ओढू देतो आणि त्यासाठी अ‍ॅक्शनही खर्च होत नाही. सुरुवातीला विशेष वाटत नाही. पण डेकमध्ये चार प्रॉव्हिन्स साचले की तो हात मोकळा करतो.

व्हिलेज, स्मिदी आणि मार्केट यांची साखळी करून अख्खा डेक एका पाळीत ओढायचा आणि दोन-दोन प्रॉव्हिन्स घ्यायचे, हा वरचा दर्जा आहे. असा डेक हिरवे पत्ते उशिरा घ्यायला लागतो, पण लागला की तीन-चार पाळ्यांत डाव मिटवतो. तिथे आधी कचरा काढून टाकणं महत्त्वाचं. वेगळ्या संचात चॅपल (२ नाणी, हातातले चार पत्तेसुद्धा ट्रॅश करता येतात) असेल तर तो सोडू नका. मघाच्या पाच सिल्व्हर, पाच गोल्डच्या डेकमधून फक्त तीन इस्टेट काढल्या तरी हाताची सरासरी ८ वरून ९.४ वर जाते.

पायरी ६: पिसण्याची वेळ बघून खरेदी

हे कुणी लवकर सांगत नाही, आणि इथे बरंच काही कमावता येतं.

घेतलेला पत्ता डिस्कार्डमध्ये जातो, आणि डिस्कार्ड पिसलं जाईपर्यंत तो हातात येत नाही. म्हणून खरेदीआधी ओढायच्या ढिगात किती पत्ते उरलेत ते मोजा. पाचपेक्षा कमी असतील तर पाळीच्या शेवटी नवा हात ओढताना डिस्कार्ड पिसलं जाईल आणि आत्ता घेतलेला पत्ता लगेच खेळात येईल. दहा किंवा जास्त असतील तर निदान पुढचे दोन हात तरी तो दिसणार नाही, अर्थात मध्ये स्मिदीसारखं काही ओढलं नाहीत तर.

याचा उपयोग असा. आत्ताच पिसून झालं असेल तर आत्ता घेतलेला प्रॉव्हिन्स पुढच्या पिसण्यापर्यंत तुम्हाला अजिबात त्रास देणार नाही. गोल्ड की प्रॉव्हिन्स अशी रेंगाळणारी शंका असेल तर अशा वेळी प्रॉव्हिन्सकडे झुका. उलट पिसायची वेळ अगदी तोंडाशी आली असेल आणि डाव लांबणार असेल तर गोल्ड जास्त कामाचं, कारण ते लगेच फिरायला लागेल.

डावाच्या अखेरीला हाच प्रश्न आणखी सोपा होतो: हा पत्ता पुन्हा माझ्या हातात येणार आहे का? नसेल, तर सिल्व्हर-गोल्ड घेण्यात काहीही अर्थ नाही. ५ नाण्यांना डची, २ ला इस्टेट. हातात ६ नाणी आहेत म्हणून सवयीने गोल्ड उचलणारे आणि शेवटी दोन गुणांनी हरणारे भिडू मी खूप पाहिलेत. त्यांना एवढाच प्रश्न शिकवायचा असतो.

पायरी ७: डची कधीपासून

डची ५ नाण्यांना ३ गुण देते आणि प्रॉव्हिन्सइतकीच जागा अडवते. म्हणून ती लवकर घेणं तोट्याचं आणि फार उशिरा घेणंही तोट्याचं. दोघांच्या डावात नाण्यांच्या डेकसाठी हे आकडे धरून चाला. प्रॉव्हिन्सचे ६ किंवा कमी पत्ते उरले असतील आणि हातात ५ नाणी असतील, तर सिल्व्हरऐवजी डची. ४ किंवा कमी उरले असतील तर ६-७ नाण्यांनासुद्धा गोल्डऐवजी डची. २ उरले की हातातली २, ३ किंवा ४ नाणी इस्टेटवर.

हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. तुमचा डेक समोरच्यापेक्षा जोरात चालला असेल तर डची जरा पुढे ढकला, कारण उरलेले प्रॉव्हिन्स तुम्हालाच जास्त मिळणार आहेत. तुम्ही प्रॉव्हिन्सच्या शर्यतीत मागे पडला असाल तर लवकर सुरू करा. तीन डची म्हणजे ९ गुण, एका प्रॉव्हिन्सहून जास्त, आणि ५ नाण्यांचे हात मागे पडलेल्या डेकलाही येतात.

पायरी ८: शेवटचे दोन प्रॉव्हिन्स

ढिगात दोन प्रॉव्हिन्स उरलेत, पाळी तुमची आहे, हातात ८ नाणी आहेत. आतापर्यंतच्या सवयीने हात प्रॉव्हिन्सकडे जाईल. थांबा आणि गुण मोजा.

समजा तुमचे २१ गुण आणि समोरच्याचे २२. तुम्ही प्रॉव्हिन्स घेतलात, २७ झाले. समोरच्याने ८ नाणी काढून शेवटचा घेतला, त्याचे २८. डाव संपला, तुम्ही एका गुणाने हरलात. आता त्याच जागी डची घेऊन बघा. तुमचे २४, त्याचे २२, ढिगात अजून दोन. त्याने प्रॉव्हिन्स घेतला तर २८, पण मग शेवटचा तुमच्यासाठी उरतो. तुम्हाला ८ आली की ३० विरुद्ध २८ आणि डाव तुमचा. म्हणून तोही कचरतो आणि डची घेतो. अशा वेळी दोघांपुढे प्रॉव्हिन्स पडून असतात आणि दोघंही डची घेत बसतात. पाहणाऱ्याला विचित्र वाटेल, पण हा या खेळातला सर्वांत चुरशीचा भाग आहे.

नियम असा बांधता येईल. पुढे असाल तर घ्या, कारण समोरच्याने शेवटचा घेतला तरी तुम्ही पुढेच राहता. मागे असाल तर घेऊ नका, डची घ्या. बरोबरीत असाल तर सुरुवात कुणी केली ते आठवा. गुण समान झाले तर कमी पाळ्या खेळलेला जिंकतो आणि पाळ्याही सारख्या असतील तर विजय वाटून घेतात. समोरच्याने डाव सुरू केला असेल आणि त्यानेच शेवटचा प्रॉव्हिन्स घेतला तर त्याची एक पाळी जास्त झालेली असेल, आणि बरोबरीत तुम्ही जिंकाल. म्हणजे तेव्हा घ्यायला हरकत नाही. सुरुवात तुम्ही केली असेल तर बरोबरीवर विजय वाटला जाईल, आणि डची घेऊन थांबणं बहुतेक वेळा अधिक चांगलं.

मात्र हे सगळं समोरच्याला पुढच्या पाळीत ८ नाणी येतील या धास्तीवर उभं आहे. ती शक्यता कमी असेल तर खुशाल प्रॉव्हिन्स घ्या. त्याचा डेक हिरव्यांनी भरलाय का? तुम्ही याच पाळीत मिलिशिया खेळून त्याला तीन पत्त्यांवर आणलंय का? त्याचे बरेचसे गोल्ड नुकतेच डिस्कार्डमध्ये गेलेत का? या तीन गोष्टी बघायची सवय लागली की नियम पाठ असण्याची फारशी गरज उरत नाही. आणि त्याच्याकडे मार्केट किंवा रिमॉडेल असेल तर तो एका पाळीत दोन प्रॉव्हिन्स घेऊ शकतो, हे धरूनच हिशोब करा. मग धोका दोन उरले असताना नसून तीन उरले असताना सुरू होतो.

त्याच्याकडे असं काही नसेल तर तीन उरले असताना घेणं सहसा चांगलं, कारण दोनाचा पेच मग त्याच्यावर पडतो.

पायरी ९: बाकीच्या ढिगांवर नजर

नवे भिडू प्रॉव्हिन्सकडे एकटक बघत असतात आणि डाव दुसरीकडूनच संपतो. व्हिलेज, सेलर, मार्केट असे ढीग दोघांनी मिळून उपसले तर दहा पत्ते भराभर जातात, आणि नाणी न मोजता स्वस्त पत्ता घेऊ देणारं वर्कशॉप असेल तर आणखी लवकर. दोन ढीग रिकामे झाले की दर पाळीला तिसऱ्याकडे बघा. पुढे असाल आणि तिसऱ्या ढिगात एक-दोनच पत्ते असतील तर जास्तीची खरेदी वापरून तो संपवा, मग प्रॉव्हिन्स कितीही उरलेले असोत. मागे असाल तर त्या ढिगातला पत्ता कितीही हवासा वाटला तरी हात लावू नका.

तिघं-चौघं खेळत असतील तर

१२ प्रॉव्हिन्स तिघांत चार-चार, चौघांत तीन-तीन. चौघांच्या डावात एकूण प्रॉव्हिन्सच कमी वाट्याला येतात, म्हणून डची आणि इस्टेटचं वजन वाढतं आणि डचीला थोडं आधी सुरुवात करावी लागते. शेवटच्या दोन प्रॉव्हिन्सचा पेच इथे सैल पडतो, कारण तुमच्या दोन पाळ्यांमध्ये दोन-तीन जण खेळतात आणि कोण घेईल ते सांगता येत नाही. ८ नाणी आली की घ्या.

कॉलनी असेल तर

२०१० मध्ये आलेल्या ‘प्रॉस्पेरिटी’ या विस्तारात दोन नवे मूळ पत्ते आहेत. प्लॅटिनम ९ नाण्यांना मिळतं आणि ५ नाणी देतं. कॉलनीची किंमत ११ आणि गुण १०. कॉलनीचा ढीग संपला तरी डाव संपतो. इथे वरचे बरेच आकडे बदलतात. पाच पत्त्यांत ११ म्हणजे एका पत्त्यामागे २.२ नाणी, आणि गोल्ड-सिल्व्हरच्या साध्या मिश्रणाने तिथे पोहोचता येत नाही. कॉपर आणि इस्टेट ट्रॅश करण्याला दुप्पट महत्त्व येतं आणि बिग मनीहून अ‍ॅक्शनची साखळी सरस ठरते.

कॉलनीच्या डावात हातात ८ नाणी आली तर सुरुवातीला प्रॉव्हिन्स घेऊ नका, गोल्ड घ्या. ९ आली तर प्लॅटिनम. ११ येऊ लागली की कॉलनी, आणि त्याच वेळी प्लॅटिनम की कॉलनी असा प्रश्न पडला तर पायरी ६ मधला पिसण्याचा हिशोब करा. प्रॉव्हिन्स इथे डचीची जागा घेतो. कॉलनीचे तीन-चार पत्ते उरले आणि हातात ८ ते १० नाणी असली की तो घ्यायला लागा. समोरच्याने कॉलनीचा नाद सोडून सुरुवातीपासूनच प्रॉव्हिन्स उचलायचा सपाटा लावला असेल तर मात्र डाव प्रॉव्हिन्सवर संपू शकतो. म्हणून पाचवा प्रॉव्हिन्स गेला की स्वतःच्या कॉलनी मोजा आणि तीन पाळ्यांत आणखी दोन होतील का ते ठरवा. होणार नसतील तर ८ नाण्यांना तुम्हीही प्रॉव्हिन्सच घ्या.